‘सहा महिन्यांनी मरतात म्हणे’: लशीच्या भीतीची सव्वाशे वर्षं

ज्यांची रेंज लोकलमध्ये जात-येत असते आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं परवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बरंचसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे छाटलेत.

आज दोन अफवांपासून सुरुवात करू.

पहिली अशी. टोचायची सुई गजभर लांब असते. टोचली की माणूस जागच्या जागी मरतो. समजा नाही मेला, तर सहा महिने जगतो आणि मग कोसळतो. पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाईला पुढे मूल होत नाही.

दुसरी अशी. लस घेतलेला प्रत्येक माणूस दोन वर्षांत मरणार आहे, आणि हे नोबेल मिळालेल्या एका शास्त्रज्ञाने सांगितलंय.

दुसरी तुम्ही ओळखली असणार. मे २०२१, दुसरी लाट, प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज. फ्रान्सच्या ल्यूक माँटानिए यांच्या नावावर तो फिरत होता. माँटानिए यांनी कोविडच्या लशींवर टीका केली होती हे खरं, पण दोन वर्षांत सगळे मरतील हे वाक्य त्यांचं नव्हतं. पीआयबीने तो मेसेज खोटा असल्याचं तेव्हाच जाहीर केलं.

आणि पहिली? ती १९०० सालच्या आसपासची. प्लेगच्या लशीबद्दलची, पंजाबातल्या गावांमधली. मोबाइल नाही, ग्रुप नाही, तरी गावोगाव पोचलेली.

मला यात मजा वाटते ती मुदतीची. अफवेला मुदत लागतेच. कारण काल टोचून घेतलेला शेजारी आज समोर विडी ओढत बसलेला दिसतो. तो मेला असं म्हणता येत नाही. मग त्याचं मरण पुढे ढकलायचं, सहा महिने, दोन वर्षं. आणि मोठ्या गावात सहा महिन्यांत कोणी ना कोणी मरतंच. लस घेतली तरी, नाही घेतली तरी. म्हणजे अशा अफवेला पुरावा कधी कमी पडत नाही.

पण म्हणून प्रश्नच मूर्खपणाचा आहे असं मी म्हणणार नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे नवीन रिलीज प्रॉडक्शनला गेलं की पहिल्या दिवशी सगळं हिरवं दिसतं. मेमरी हळूहळू गळत असेल तर ते तिसऱ्या आठवड्यात कळतं. कालच आलेल्या लशीचा दहा वर्षांचा डेटा कोणाकडेच असू शकत नाही, कारण ती दहा वर्षांची नाहीये. मग विश्वास ठेवायचा कशावर? याचं उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायचं नाहीये. परळपर्यंत जायचंय.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस नावाच्या गोव्याच्या डॉक्टरने प्लेग ओळखला. मेट्रो सिनेमाजवळ ज्यांचा पुतळा आहे, तेच हे. बघता बघता अर्धी मुंबई रिकामी व्हायला लागली. लोक बोटीने पळाले, रेल्वेने पळाले. घाट चढायच्या आधी गाडी तेव्हाही आपल्या कर्जतला थांबायचीच. कल्याणला प्रवासी उतरवून, रांगेत उभे करून काखा-जांघा तपासायचे, गाठ आहे का बघायला. आपल्या भागाची प्लेगशी ओळख झाली ती अशी, रुळांवरून.

त्याच ऑक्टोबरात वाल्देमार हाफकीन मुंबईत आला. ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून तयार झालेला. कॉलऱ्याची लस त्याने आधीच बनवली होती आणि १८९३ पासून तो भारतात ती टोचत हिंडत होता. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा मिळाली आणि तिथे तो प्लेगचे जंतू वाढवायला लागला. कशात? बकऱ्याच्या मांसाच्या रसात, वर तुपाचे थेंब सोडून! तुपाच्या थेंबांना खालून जंतूंच्या लोंब्या लटकायच्या, त्या हलवून तळाशी पाडायच्या, परत नव्या यायच्या. मग हे सगळं तापवून जंतू मारायचे आणि वर कार्बोलिक ॲसिड घालायचं. लस तयार. तुपावरची लस, अस्सल देशी प्रकरण.

१० जानेवारी १८९७ ला त्याने ती पहिल्यांदा स्वतःला टोचली. नंतर लोकांना दिला त्याहून कितीतरी मोठा, १० सीसीचा डोस. ताप भरला, अंग दुखलं, उतरलं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या कैद्यांना विचारून टोचलं गेलं. आता तुरुंगातल्या कैद्याची ‘राजीखुशी’ किती खरी, हा प्रश्न आज कुठलीही एथिक्स कमिटी पहिला विचारेल. तेव्हा कोणी विचारला नाही.

आगाखान तिसरे त्या वेळी विशीतही नव्हते. त्यांनी चारचौघांत टोचून घेतलं, आणि हाफकीनला प्रयोगशाळेसाठी स्वतःचा खुश्रू लॉज दिला. सेलिब्रिटीने लस घेतानाचा फोटो टाकण्याच्या एकशेचोवीस वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

तरी लोक बिचकत होते, आणि त्यात लोकांचं काय चुकलं? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. (तोच कायदा मार्च २०२० मध्ये परत बाहेर काढला गेला.) पुण्यात रँडच्या सोल्जरांनी घराघरांत घुसून काय केलं, आणि २२ जूनला काय झालं, ते शाळेत शिकलोय आपण. सरकारचा माणूस दारात म्हणजे आजाऱ्याला उचलून नेणार, घर धुऊन काढणार, सामान जाळणार. त्याच सरकारचा दुसरा माणूस सुई घेऊन आला तर त्याला कोण ‘या, बसा’ म्हणेल?

टोचणी कायद्याने सक्तीची नव्हती. पण टोचल्याचा दाखला असला की विलगीकरणाच्या छावणीतून सुटका मिळायची. सक्ती नाही, फक्त जगणं सोपं होतं, एवढंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता, तो आठवतोय ना? कर्जत-खोपोलीहून रोज ठाण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्याला ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी नीट कळला.

हाफकीनला या कुजबुजीला उत्तर द्यायचं होतं, आणि मला त्याचा हा भाग सगळ्यात आवडतो. भाषण दिलं नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात त्याने काय केलं, तर प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या लोकांना टोचलं. घर तेच, उंदीर तेच, पाणी तेच, हवा तीच. मग थांबला. नंतर ज्या घरांत प्लेग आला, त्या घरांतले मृत्यू मोजले. टोचलेल्यांत ३, न टोचलेल्यांत २६. आमच्या भाषेत याला एबी टेस्ट म्हणतात. बटण निळं ठेवायचं की हिरवं, हे ठरवायला आम्ही ती वापरतो. तिथे ती माणसांवर झाली होती, आणि त्या २६ जणांना दुसऱ्या गटात कोणी टाकलं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पण ‘टोचलेला माणूस सहा महिन्यांत मरतो’ या वाक्याला याच पद्धतीने उत्तर देता येतं. टोचलेला मेला, बरोबर. पण न टोचलेले किती मेले? दुसरा आकडा नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

लस चालते हे कळलं. मागणी वाढली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली. आजची हाफकीन संस्था तीच.

आणि मग मुलकोवाल झालं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं हे गाव, आज पाकिस्तानात आहे. पंजाब सरकारने प्रचंड प्रमाणावर टोचणी करायचं ठरवलं होतं आणि परळहून बाटल्यांमागून बाटल्या रवाना होत होत्या. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचलं. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. १९ च्या १९ गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटली क्रमांक ५३-एन, ४१ दिवसांपूर्वी परळला भरलेली. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही.

क्षणभर त्या गावाच्या जागी स्वतःला ठेवा. अफवा आधीपासून होती. ‘टोचलं की मरतात.’ आणि आता खरोखर १९ प्रेतं.

चौकशी समिती बसली, अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. समितीला एक गोष्ट सापडली. मोठी मागणी पुरी करायला हाफकीनने उत्पादनाची पद्धत बदलली होती. नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं, भिस्त उष्णतेवर होती. पद्धत तशी चुकीची नव्हती, पॅरिसमध्येही तसंच करत. पण लोकांना दिसलं ते एवढंच, की घाई होती आणि एक सुरक्षा काढून टाकली होती. समिती म्हणाली, बाटली उघडायच्या आधीच तिच्यात दोष शिरला होता. म्हणजे परळला. म्हणजे हाफकीन. त्याला बाजूला केलं, १९०४ मध्ये तो भारत सोडून गेला.

पण त्याच चौकशीच्या कागदांत आणखी एक नोंद होती. त्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट उकळून न घेता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळवून वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपल्याकडे शेतात पायाला काटा लागलेल्या पोराच्या आईलाही माहीत असतं. शिवाय परळलाच घाण शिरली असती तर ४१ दिवसांत बाटलीला दुर्गंधी सुटली असती, आणि वास आल्याची नोंद नव्हती. मलेरियावाले रोनाल्ड रॉस हाफकीनच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं. त्या वर्षाअखेर हाफकीन निर्दोष ठरला आणि भारतात परतला, पण कलकत्त्याला. मुंबईचं त्याचं काम त्याला परत मिळालं नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव दिलं, तेव्हा तो भारतात नव्हता.

पाच वर्षं! एका चिमट्याचा निकाल लागायला पाच वर्षं. आणि ही तीच पाच वर्षं, जेव्हा प्लेगने कळस गाठला. एकट्या १९०७ मध्ये भारतात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. पुढच्या काळात लस चालूच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून दोन कोटी साठ लाख डोस बाहेर पडले, आणि सहा महिन्यांनी कोसळणारी माणसं काही कुठे सापडली नाहीत. पण मुलकोवालनंतरच्या पंजाबातल्या एखाद्या आईने दार लावून घेतलं, तर मी तिला अडाणी म्हणणार नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकतंच.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवू, कारण वादात तिचा नेहमी काला होतो. मुलकोवालला लशीचा ‘दीर्घकालीन दुष्परिणाम’ झाला नाही. तिथे घाण झाली, आणि ती आठवड्यात दिसली. आपल्या आज्यांच्या दंडावर देवी टोचल्याचे गोल वण असतात, तिथेही जुन्या काळी खरा धोका असाच होता. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात, असं हातोहात टोचत तेव्हा, रक्तातले दुसरे रोगही सोबत जायचे. इटलीत रिव्हाल्टा गावी १८६१ मध्ये अशाने कितीतरी मुलांना सिफिलिस झाला. त्यावर उपाय निघाला, वासराच्या अंगावर लस वाढवायला लागले. लोकांची भीती खरी ठरली होती, म्हणून पद्धत बदलली.

मग खरोखर उशिरा दिसलेला परिणाम एकही नाही का? आहे. आणि जो म्हणतो ‘असं कधी होतच नाही’, तो लशीच्या बाजूने बोलत असला तरी चुकीचं बोलतोय. डेंगूची डेंगव्हॅक्सिया नावाची लस. फिलिपीन्सने एप्रिल २०१६ मध्ये शाळांतून द्यायला सुरुवात केली, आठ लाखांहून जास्त मुलांना दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ज्या मुलांना आधी कधी डेंगू झालाच नव्हता, त्यांना लशीनंतर डेंगू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. डेंगूची तऱ्हा अशी, की दुसऱ्यांदा होतो तेव्हा जास्त झोडपतो. या मुलांच्या शरीराने लशीलाच पहिली वेळ धरलं.

पण बघा, इथेही विष शरीरात लपून बसलं आणि मुदत भरल्यावर बाहेर आलं असं झालं नाही. पुढे खरा डास चावला, तेव्हा गडबड उघडी पडली. आणि ती उघडी पडली कारण चाचण्यांतल्या मुलांचा माग कोणीतरी वर्षानुवर्षं ठेवला होता, रक्ताचे जुने नमुने जपले होते. लॉग होते म्हणून बग सापडला. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच लशीने मोजली. फिलिपीन्समध्ये लोकांचा सगळ्याच टोचणीवरचा विश्वास उडाला आणि २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली.

कोविशील्डचं थोडक्यात सांगतो, कारण २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये मला एका आठवड्यात सात जणांनी एकच लिंक पाठवली होती. ॲस्ट्राझेनेकाने लंडनच्या कोर्टात ‘कबूल’ केलं, की लशीमुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. शब्द असा वापरला जसं काही इतके दिवस लपवलेलं तळघर सापडलं. खरं म्हणजे युरोपच्या औषध नियामकाने हा परिणाम एप्रिल २०२१ मध्येच दुष्परिणामांच्या यादीत घातला होता, आणि तो दिसतो तो टोचल्यापासून साधारण पहिल्या सहा आठवड्यांत. २०२४ मध्ये ज्याचा डोस होऊन तीन वर्षं झाली होती, त्याला घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण २०२१ मध्ये रांगेत उभं असताना हे आपल्याला साध्या मराठीत कोणी सांगितलं? भारतात सुमारे १७५ कोटी डोस दिले गेले. कुणाला भीती वाटेल म्हणून न सांगितलेली गोष्ट तीन वर्षांनी कोर्टातून येते, तेव्हा दसपट मोठी होऊन येते.

आता आपल्या घराजवळ येऊ.

२०२१ च्या जुलैत, वर्क फ्रॉम होम असताना, मी कर्जतजवळच्या एका कातकरी वाडीवर लसीकरणाच्या दिवशी नोंदणीच्या मदतीला गेलो होतो. काम सोपं, लॅपटॉप घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसायचं आणि कोविनवर नावं चढवायची. वाडीवर पन्नासेक माणसं होती, आली दहा-बारा. बाकीची पावसात दारातून बघत होती. नर्सताई प्रत्येक दारात जाऊन समजावत होत्या. मी त्यांच्यासोबत एका घरी गेलो आणि माझं एबी टेस्टचं ज्ञान पाजळायला लागलो. घरातल्या मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दादा, तुमी सुई मारून जाल. मंग सा महिन्यांनी काय झाला तं कोन येल बघाया? तवा तं आमी भट्टीवं.”

सहा महिने! तीच मुदत. पण या मावशी अफवा सांगत नव्हत्या, त्या हिशोब विचारत होत्या. जुलै अधिक सहा म्हणजे जानेवारी. जानेवारीत कर्जत-खालापूरच्या कितीतरी कातकरी वाड्या ओस असतात. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात, पोराबाळांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परततात. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान ८४ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे दुसऱ्या डोसचा दिवस आणि वाडी सोडायचा दिवस जवळजवळ एकच. त्यांच्या नावासमोर मी टाकत होतो तो मोबाइल नंबर त्यांचा नव्हता, एकाच नंबरवर चार-चार माणसं होती. अर्ध्या तासाने काही त्रास झाला तर नर्सताई समोर होत्या. सहा महिन्यांनी झाला तर तो कुठल्या तालुक्यात, कुठल्या भट्टीवर, कुठल्या डॉक्टरसमोर, आणि तो डॉक्टर लसीकरणानंतरच्या त्रासाचा फॉर्म भरणार का?

दीर्घकालीन परिणामांवर आपण टीव्हीवर, ग्रुपवर, चहाच्या टपरीवर इतकं भांडतो. ते कळायचा रस्ता मात्र एकच आहे, माणसाचा माग ठेवणं. हाफकीनला उंधेरात ते जमलं कारण गाव जागेवर होतं. डेंगव्हॅक्सियाचं कळलं कारण त्या मुलांचे नमुने जपलेले होते. जो माणूस वर्षातले सात महिने नकाशावरच नसतो, त्याच्या बाबतीत ‘दीर्घकालीन दुष्परिणाम आढळले नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘शोधले नाहीत’ असाही होऊ शकतो. हे मी लशीविरुद्ध बोलत नाहीये. माझे सगळे डोस झालेत, आईवडिलांचेही.

त्या दिवशी नर्सताईंनी मावशींना जे उत्तर दिलं, ते माझ्यापेक्षा बरंच चांगलं होतं. त्यांनी विचारलं, “कुठल्या भट्टीवर जाता?” आणि वहीत लिहून घेतलं. ठेकेदाराचं नावही. मावशींनी लस घेतली. शेजारणीने नाही घेतली. जावेने ‘पुढच्या टायमाला’ म्हणून सांगितलं.

आता लहान मुलांच्या आणि गरोदर बायांच्या नियमित टोचणीसाठी यू-विन आलंय. एका जिल्ह्यात पहिला डोस, दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा, तरी नोंद एकाच नावाखाली राहावी अशी त्याची रचना आहे. कागदावर तरी हे मावशींच्या प्रश्नाला उत्तर आहे. तुमच्यापैकी कोणी आशाताई, नर्स किंवा भट्टीच्या गावातल्या आरोग्य केंद्रात काम करणारे असाल, तर प्रत्यक्षात ते कसं चालतं हे मला व्हॉइस नोट करून जरूर पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात ऐकवीन.

पुढच्या भागात आणखी मागे जायचंय, १८०२ च्या मुंबईत. आना डस्थॉल नावाची तीन वर्षांची मुलगी, १४ जूनची तारीख, आणि व्हिएन्नाहून बगदाद-बसरामार्गे मुंबईत पोचलेली देवीची लस. भारतातली पहिली लस घेणारी ती. भेटू.